पाच महिने लहान

नागपूर, १२ ऑगस्ट २०२४

ती. दादास,

कौसल्याचा सा. न. वि. वि. फोन लावला तं तुझं कानाचं मशीन नुसत्या शिट्ट्या मारते, आणि ही गोष्ट वहिनीमार्फत सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेतला.

तुझी दामिनी इथं रुळली. सकाळी साडेपाचले मैदानावर जाते, आल्यावर चार पोळ्या खाते आणि वर विचारते, आत्या, भाजी उरली काय.

तिचे विक्रम सर परवा घरी आले होते. म्हणाले, सहाशे मीटरले चौदा वर्षांखालच्या गटात अशी पोरगी जिल्ह्यात नाही. पण त्या गटाले जन्म दोन हजार अकराचा पाहिजे. आपली नऊ ऑगस्ट दोन हजार दहाची, पाच महिन्यांनी हुकली. वरच्या गटात सोळा-सोळा वर्षांच्या उंच पोरी, तिथं ही दिसणारही नाही. खालच्या गटातून राज्यापर्यंत गेली तं सरकारी क्रीडा वसतिगृह, पुढं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. जाता जाता बोलले, घरच्यांनी काही पाहून घेतलं तं पाहा.

तिचा शाळा सोडल्याचा दाखला इथल्या शाळेत अजून द्यायचाच आहे. तो तुझ्याच शाळेतून, तुझ्याच हातानं निघणार. मी काय म्हणून राहिली ते तुले समजलं असंल. पाच महिन्यांनं कोणाचं काय बिघडते गा? पोरीले काही सांगितलं नाही.

राग आला तं माझ्यावर काढ, पण माया कमी करू नको.

तुझी,
कौसल्या

उमरेड, २१ ऑगस्ट २०२४

चि. सौ. कौसल्यास,

अ. उ. आ. पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. तेवीस वर्षे शाळेचे दप्तर सांभाळतो आहे. लोकांनी हात जोडले तरी कोणाच्या पोराची तारीख मी बदलली नाही. सख्ख्या साळ्यालाही नाही म्हटले. तो अजून आपल्या घरी जेवत नाही.

पण दामिनी अभ्यासात जेमतेम आहे, हे शाळेत असल्यामुळे मी जास्त जाणतो. तिला देण्यासारखे माझ्याजवळ दुसरे काही नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर रजिस्टर काढले. ऑगस्टचे जानेवारी केले, दहाचे अकरा केले. दाखला सोबत आहे. तिच्या हाती देऊ नकोस, परस्पर शाळेत दे. तुझ्या वहिनीला, पंचफुलेला, यातले काही ठाऊक नाही.

आशीर्वाद नेहमीचेच.

मधुकर

नागपूर, २९ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,

शि. सा. न. फोन केला तं आई रडंल आणि तुम्हाले ऐकू येणार नाही, म्हणून लिहून राहिली.

शुक्रवारी जिल्ह्याची स्पर्धा झाली. पहिल्या फेरीत मी पहिली आली, खूप पुढं. चौघी फायनलले जाणार होत्या. पाचवी आली कन्हानची गार्गी, सातवीतली. ताईचे बूट घालून आली होती, समोर कापूस कोंबून. पाणी प्यायले बसलो तं तिनं विचारलं, तू कितवीत वं? मी म्हटलं, नववीत. ती म्हणाली, माझी ताई पण नववीत हाय, ती तं मोठ्या गटात धावते.

सरांनी मले सांगितलं होतं, तू खालच्याच गटात बसते. मी कधी मोजून पाहिलं नव्हतं. मग टेबलाजवळ जाऊन यादी पाहिली. माझ्या नावापुढं नऊ जानेवारी. यादी सांभाळणाऱ्या बाईंनी दाखला काढून दाखवला. बाबा, तुमचं अक्षर मले लांबूनही ओळखू येते.

मी बाईंले सांगितलं, माझा वाढदिवस ऑगस्टात असते. सरांनी बाजूले नेलं, म्हणाले, वेडी हाय काय, दहा मिनिटांत फायनल आहे. मी नाही धावली. बाईंनी विचारलं, हा दाखला कोणी लिहिला. मी म्हटलं, माहीत नाही. तेवढं एक खोटं बोलली.

माझं नाव काटलं. या वर्षी कोणत्याच स्पर्धेत घेणार नाहीत. माझ्या जागी गार्गीले घेतलं, ती तिसरी आली. तिची फायनल चालू होती तेव्हा मी कठड्याबाहेर उभी होती आणि माझे पाय आपोआप हलून राहिले होते. सर म्हणाले, आता मैदानावर येऊ नको.

काहून केलं बाबा? मले पहिलं यायले आवडते. पण लहान पोरींले असं हरवून कसं आवडंल?

आईले सांगजा, मी जेवते. रागावली आहे, तरी तुमचीच,

दामिनी

उमरेड, ६ ऑक्टोबर २०२४

चि. दामिनीस,

अ. आ. तुझे पत्र मिळाले त्याच दिवशी ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवले. वाचून ते एवढेच म्हणाले, मधुकरराव, तुम्ही? मी लेखी कबुली दिली. रजिस्टरमधली तारीख त्यांच्या सहीने दुरुस्त झाली. माझी चौकशी बसली आहे. कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. सध्या मी टपाल पाहतो आणि घंटा देतो. तुझ्या आईलाही सगळे सांगितले. दोन दिवस ती भांडली. आता बरे आहे.

तू विचारलेस, का केले. तुझ्या धावण्याकडे मी अर्जासारखे पाहिले. सोबतची कागदपत्रे जुळली की मंजूर. तुला धावताना मी एकदाही पाहिलेले नाही, हे तुझे पत्र वाचताना ध्यानात आले.

माझ्यासाठी बोललीस ते खोटे मी खोडले आहे, त्याचा भार ठेवू नकोस. मैदानात येऊ देत नसतील तर रस्त्याने धाव, पण धाव. मले माफ कर वं बेटा.

तुझा,
बाबा

नागपूर, १४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,

सा. न. नेमकी शर्यतीच्याच दिवशी तुझ्या चौकशीची तारीख आली आणि तुले येता आलं नाही, म्हणून जसं पाहिलं तसं लिहून राहिली.

वर्षभर पोरगी मैदानाबाहेरच्या रस्त्यानं एकटी धावली. जूनमध्ये सरच म्हणाले, आत ये. काल आठशे मीटर होती, सतरा वर्षांखालच्या गटात. चौदा पोरी, साऱ्या हिच्याहून वीतभर उंच. पहिल्या फेरीत ही सगळ्यात मागं. दुसऱ्या फेरीत एकीले मागं टाकलं, मग दुसरीले, शेवटच्या वळणावर तिसरीले. मी एवढी ओरडली की पायातली चप्पल कुठं गेली ते समजलं नाही. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. इतकी जोरात ती याआधी कधी धावली नव्हती. नंतर तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा खाल्ल्या.

दादा, ते पत्र मी लिहिलं आणि भोगतो तू. तोंडानं बोलता येत नव्हतं, लिहून टाकलं.

कठड्याजवळच्या एका बाईनं मले विचारलं, तुमची पोरगी कितवी? मी म्हटलं, अकरावी. ती म्हणाली, वर्ग नाही विचारला, नंबर कितवा आला? मी सगळ्यांले ऐकू जाईल असं परत सांगितलं, अकरावी, आणि तिच्याकडं बोट दाखवलं.

पुढच्या शर्यतीले तुझी जागा धरून ठेवते.

कौसल्या