खोपटाचं जोतं

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; खरं तर आई दोन दिवस धड जेवलेली नाही. आपला रस्ता रुंद व्हायचाय. मोजणीचे साहेब आले, बाहेरूनच पत्र्याच्या भिंती पाहिल्या आणि वहीत ‘खोपट’ लिहून गेले. ओळीतल्या सातही घरांपुढे तेच. घर असेल तर रस्ता बाजूने नेणार, खोपट असेल तर महिनाभरात पाडणार, असा नियम आहे म्हणे.

मी भांडायला गेलो, तर म्हणाले, कोश उघडून बघा. तू कोशाच्या कचेरीत दिवसभर शब्दांच्या चिठ्ठ्या लावत असतेस, तर आता उपयोगी पड! सत्तावीसला सुनावणी आहे. मी गवंडी, गावभर लोकांची घरं बांधतो, आणि माझंच खोपट! लाज वाटते गं.

तुझा धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

आधी आईला जेवायला घाल, मग भांड.

खोपटाच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. कोणी राखणदाराच्या आडोशाला खोपट म्हणतं, कोणी मजुरांच्या निवाऱ्याला, कोणी जळफळून शेजाऱ्याच्या घराला. आमचे संपादक एरवी होय-नाही सांगायलाही आठवडा लावतात, पण हे वाचून लगेच म्हणाले की खोपट म्हणजे जमिनीवर नुसतं उभं केलेलं, जोतं नसलेलं. भिंती कशाच्या, याला महत्त्व नाही. कोशातही तसंच छापलंय. शिक्का मारलेली नक्कल सोबत आहे.

आता मला सांग, बाबांनी आणि शेजाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी खपून सातही घरांना कमरेएवढं दगडी जोतं घातलं होतं. मी सात वर्षांची होते, चुन्यात पाणी ओतायचं काम माझं. तू पाळण्यात होतास. ते जोतं गेलं कुठे?

आईला नमस्कार. तुला काळजीपोटीच रागावते, हे ठाऊक असू दे.

तुझी ताई

ता. २८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. रस्ता दरवर्षी डांबर चढून उंच होत गेला, पाणी अंगणात येऊ लागलं, म्हणून बारा वर्षं दर उन्हाळ्यात मीच भराव टाकत आलो. आपल्या दारात टाकलाच, शेजाऱ्यांनाही आग्रहाने टाकून दिला. बापाचं जोतं मीच गाडलं, ताई! आई चार दिवस मला नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत होती.

काल साहेबांना कोशाचं पान दाखवलं आणि जागेवर चला म्हणून हट्टच धरला. त्यांच्या डोळ्यांदेखत कुदळ मारली. हातभर खाली दगड लागला. तोवर सातही दारांत खोदाई सुरू! साहेबांनी वाकून चुना नखाने खरवडून पाहिला, नखच तुटलं. मग मुकाट्याने वही उघडली, सात ठिकाणी ‘खोपट’ खोडलं आणि ‘घर’ लिहिलं.

आई म्हणाली, आम्हाला दिसलं नाही, मोठ्याने वाचा. भर दुपारी एकेका दारापुढे उभं राहून त्यांनी वाचलं. आपलं सगळ्यांत शेवटी. लोकांनी असा काही गलबला केला की साहेबही हसले. आई मात्र उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली की हे ऐकायला ते हवे होते. मी हमसून रडलो. कोणाला सांगू नकोस.

तुझी माया आहे तशीच असू दे. आणि आता पत्रबित्र पुरे. रजा टाक, घरी ये.

तुझा धाकटा