नारळ उभा राहिला ती जागा

प्रिय धीरज,

'प्रिय' लिहिलं ते हाताच्या सवयीने. बारावीपासून चार वर्षं तुला पत्रं लिहिली, हाताला दुसरं काही सुचलं नाही. फोन केला असता तर तू मध्ये बोलला असतास, आणि मला तुझं काही ऐकायचं नाही. म्हणून कागद.

एडवणला तुमच्या वाडीत दुसरी बोअरही खारट लागली, असं तुझी रूपल म्हणाली. फोनवर रडत होती बिचारी. चिकूची कलमं करपली, आता दारात टँकर येतो म्हणे. आमच्या कुंभवलीतही टँकरच येतो. फक्त वेळेवर येत नाही. रूपलचा फोन मला कशाला यावा, असं तुझ्या मनात आलंच असेल. सांगते.

आमच्या घरामागच्या रानात अण्णांनी पहिल्यांदा माझ्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवला, आठवतं? तेव्हा अख्खा तालुका पाणी बघायला माझ्या बापाला बोलवायचा. मी सातवीत, तू आठवीत. चिंचेपाशी पोचले आणि नारळ आपोआप उभा राहिला, खालून कुणी ढकलल्यासारखा. हात थंडगार पडला, अंगावर काटा आला आणि मी घाबरून हसतच सुटले. मग तूही नारळ धरून दहा फेऱ्या मारल्यास, पण तो ढिम्म. किती चिडला होतास! पुढे केमिस्ट्री शिकलास, कंपनीत साहेब झालास, तरी अण्णांचा हात खरा हे मनातून पुसलं नाहीस. पुसलं असतंस तर बरं झालं असतं.

मग तू चार वर्षांपूर्वी आमच्या ओटीवर आलाच नसतास. कामगारांना प्यायला पाणी नाही, कंपनीच्या आवारात जागा दाखवा, म्हणालास. गावच्या साऱ्या विहिरींना पाजणारी मोठी शीर त्याच आवाराखालून जाते, हे अण्णांना ठाऊक होतं. वीस वर्षं त्यांनी ती कुणाला दाखवली नव्हती. तुला दाखवली. घरचा पोरगा, उद्याचा जावई. मी नको म्हणत होते, तर मलाच सुनावलं, तहानेल्याला पानी नाय दाखवायचं तर हा हात कशाला हाय. आणि तुम्ही त्या बोअरमधून पाणी वर काढलंच नाही, कंपनीची घाण खाली सोडलीत. सहा महिन्यांत विहिरींचं पाणी चहासारखं झालं. काशीबाईच्या दोन म्हशी गेल्या. तपासणीवाले बाटल्या भरून घेऊन गेले. गावकऱ्यांनी तुला विचारलं, तर तू एवढंच म्हणालास, की जागा तुमच्याच पाणाड्याने दाखवली.

गावाने तेवढंच धरलं. अण्णाने पाणी विकलं, झालं. जन्मभर एका नारळावर जागा दाखवत आले, त्यांना हे ऐकावं लागलं. नव्या विहिरीचं पहिलं पाणी पाणाड्याच्या ओंजळीत घालायची आपली रीत. वाणगावच्या नर्मदामावशीच्या विहिरीची जागा अण्णांनीच दाखवलेली, पण पूजेला त्यांना बोलावणं नाही. त्या दिवशी अण्णा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून होते. तू मला सोडून रूपलशी लग्न केलंस ते मी कधीच गिळलं. हे गिळणार नाही.

चैत्रात रूपलचा फोन आला. पाणी बघणारी बाई म्हणून कुणीतरी तिला माझा नंबर दिला होता. आपलं तिला काही माहीत नाही. मी आनंदाने गेले. तिने तिथल्याच माडाचा नारळ दिला, वर जाम खाऊ घातले, वाईट नाही पोरगी. समुद्र हाकेवर, तिथे गोडं पाणी कसलं, म्हणून नुसतं फिरल्यासारखं करून परतणार होते. पण एका जागी नारळ असा ताठ उभा राहिला की माझ्या मनगटाला कळ लागली. एवढ्या खाऱ्या समुद्राच्या कुशीत गोडी शीर! इतकी जोरकस शीर माझ्या हाताला कधी लागली नव्हती. मला रडूच आलं. डोळ्यात वाळू गेली, असं रूपलला सांगितलं. मग चाळीस पावलं पुढे गेले, अंगठ्याने नारळ उभा केला आणि तिथे चुना टाकला. तुझी पहिली बोअर त्या चुन्यावर खणलीय.

घरी येऊन चिंचेपाशी गेले. नारळ बाजारातल्यासारखा हातावर पडून राहिला. अण्णा लहानपणापासून सांगायचे, हात खोटा पडला का पानी रुसतं. रुसलं. रोज सकाळी जाऊन बघते, काही नाही. तुझ्यापायी तेही गेलं, तरी मला पस्तावा नाही.

काल अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते एवढंच म्हणाले, लिही त्याला, पानी हाय म्हनून. बापाचा शब्द मी मोडत नाही, म्हणून हे पत्र. पाणी आहे, धीरज. गोडं आहे, तुझ्याच वाडीत आहे, रूपल रोज त्याच्यावरून ये-जा करते. कुठे ते लिही, असं मात्र अण्णा म्हणाले नाहीत. पंधरा ऑगस्टला आमची ग्रामसभा आहे. ये, आणि काय सांगून अण्णांकडून जागा घेतलीस, तिच्यात काय ओतलंस, ते साऱ्यांसमोर बोल. मग आमच्या विहिरीचं पाणी मी तुझ्या ओंजळीत घालीन. पितोस की सांडतोस, ते गाव बघेल. त्यानंतर एडवणला येऊन जागेवर बोट ठेवीन, त्याला नारळ लागत नाही. नाही आलास तर खणत राहा.

अण्णांचीच,
समिधा