जोडणीत न आलेली नावं

११ एप्रिल १९८८, सोमवार
दुपारी रंगाच्या शेडमधली टाकी फुटली. काचा आमच्या कम्प्युटर रूमपर्यंत. धूर अजून नाकात.
सेक्शनचे बोरकर साहेब म्हणाले, शेडमध्ये कोण कोण होतं ती नावं काढा. कम्प्युटरमधलं गेट-हजेरीचं टेबल आणि कामगारांचं टेबल टोकन नंबरवर जोडलं. यादी निघाली. सगळ्यांचा पत्ता लागला, कोणी दवाखान्यात, कोणी घरी. साहेब जरा सैल झाले. मीही.

१२ एप्रिल
यादी गेटवर. समोर वाडीची कमल नावाची बाई. वाचता येत नाही, माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.
"माह्या नवऱ्याचं नाव काहून नाई, बाई? गणेश. काल डबा घेऊन गेला, आलाच नाई."
टोकन होतं का? "होतं. ठेकेदारानं देल्लं."
तिथेच चूक कळली. ठेकेदाराची माणसं गेटवर टोकन देतात, पण कामगारांच्या टेबलात त्यांची ओळच नाही. नंबर दोन्हीकडे असेल तोच जोडणीत येतो. बाकीचे मुकाट गळतात.
वर जाऊन टेबलं जोडणाऱ्या क्वेरीच्या अटीत अधिकचं चिन्ह घातलं. म्हणजे जोड मिळो न मिळो, हजेरीतला प्रत्येक जण येणार. खाली नव्या ओळी आल्या. टोकन नंबर, पुढे नावाची जागा कोरी.

१३ एप्रिल
साहेबांना दाखवलं.
"हे आपले नाहीत, अलका. ठेकेदाराचे."
आत गेलेत, बाहेर आले नाहीत, म्हटलं.
"सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय. त्याला पहिलीच यादी द्यायची."
कोणतं टोकन कोणाचं ते ठेकेदारालाच ठाऊक. त्याच्या ऑफिसला कुलूप.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. कमलसोबत धंतोलीच्या दवाखान्यात. शेडमधून आणलेला एक जण, अनोळखी. तोंडभर पट्ट्या. कमल पाय पाहत राहिली.
"असन बी. सुजले हायेत ना, बाई."
मग चमच्याने पाणी पाजत बसली.

१६ एप्रिल
तो सकाळी गेला. कमल रडायच्या आधीच हिंगण्याचा एक म्हातारा आला. त्याचा पोरगाही त्याच ठेकेदाराकडे, तोही बेपत्ता. पाय पाहून म्हणाला, "माहा हाये."
पोलीस म्हणतात, प्रेत हवं तर गणेश आणि हा पोरगा, दोघंही आत होते असा कागद आणा.

१७ एप्रिल, रविवार
दोन्ही प्रिंटआउट पर्समध्ये, पहिली यादी आणि कोऱ्या नावांची. आई म्हणते, लग्न ठरायचंय तुझं, नोकरी घालवू नको.
संध्याकाळी दवाखान्यात गेले. प्रेत तसंच. दोघं एकाच बाकावर. म्हाताऱ्याने आपल्यातली अर्धी भाकर कमलला दिली. तिने हातात धरली, खाल्ली नाही.
"तूच ने त्याले, पोरी," म्हातारा म्हणाला. "पन माह्या पोराले मी आता कुठं पाहू, थे सांग."
कमलने माझ्याकडे पाहिलं.
उद्या अकराला इन्स्पेक्टर.