डावीकडचा आवाज

३ डिसेंबर
आलो एकदाचे समुद्रकाठच्या सेकोंडीत! घर अगदी मनासारखं मिळालं. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि पडवीतून खाली कोळ्यांच्या रंगीत होड्या दिसतात. बर्फाच्या कारखान्यातली माझी नवी नोकरी पायी जाण्याइतकी जवळ. बायकोने, अराबाने, आल्याआल्या भिंतींच्या रंगाला नाकं मुरडली, मग गाणं गुणगुणत झाडू हातात घेतला. म्हणजे घर पसंत आहे. मालकीणबाई एफुआ मावशी मागच्या खोलीत एकट्याच राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बोलायला गोड. गरम केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी स्वतः आणून दिली. अराबा चर्चमध्ये गाते हे कळल्यावर तिचे हात धरून म्हणाल्या, या घरात गाणं थांबलं त्याला फार दिवस झाले, पोरी.

५ डिसेंबर
पुढच्या खोलीत मावशींच्या यजमानांचा जुना ॲम्प्लिफायर आहे. एसुमन त्यांचं नाव. ताडीचा गुत्ता चालवायचे आणि गिऱ्हाइकांसाठी त्याच्यावर गाणी लावायचे. लोखंडी, जडशीळ खोकं. दोन बाजूंना कमरेइतके उंच स्पीकर. उजवा झकास वाजतो. डावा मुका. मला विजेच्या कामातलं थोडंफार कळतं हे ऐकल्यापासून मावशींनी पिच्छाच पुरवलाय, दुरुस्त करून दे म्हणून. अराबा त्यांना म्हणाली, "याच्या नादी लागू नका, मावशी. आमची इस्त्री यानेच दुरुस्त केली. तेव्हापासून ती फक्त दार अडवायला उपयोगी पडते."

८ डिसेंबर, रविवार
चर्चहून आलो आणि पेचकस घेऊन बसलो. आधी प्लग काढला, मग मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज उतरवली. मामाने शिकवलेला पहिला धडा: बंद यंत्रही झटका देतं. आत बोटभर धूळ आणि झुरळांचे पंख. डावीकडचा ट्रान्झिस्टर जळून तडकलेला, हे परवाच झाकण उघडून पाहिलं होतं; दोन-तीन सांधेही सुटलेले. तसाच ट्रान्झिस्टर कुठेच मिळाला नव्हता. त्याच्या जवळपासचा एक काल बाजारातून आणला होता, तोच बसवला आणि नव्याने डाग दिले. पहिल्यांदा चालू करताना मध्ये एक बल्ब जोडला. तो भपकन पेटला आणि मंदावला. म्हणजे आत शॉर्ट नाही.
डावा बोलला! अराबा खोलीभर नाचली. इस्त्रीचा कलंक पुसला गेला, असं तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

१० डिसेंबर
डावीकडे काहीतरी भानगड आहे. कॅसेट बंद केली तरी हलका आवाज येत राहतो. कुणी पुरुष गुणगुणतोय. एक ओळ, तीही अर्धी. मग थांबतो, मग पुन्हा तीच. तार एखादं रेडिओ स्टेशन पकडत असावी. अर्थिंग तपासलं, वायरी बदलल्या. फरक नाही.
मावशी धुणं घेऊन दारावरून चालल्या होत्या. त्यांच्या हातातली परात खाली पडली. येऊन स्पीकरसमोर जमिनीवरच बसल्या, जाळीवर गाल टेकवला. म्हणाल्या, हा माझा माणूस आहे.

१२ डिसेंबर
मावशी कामंधामं टाकून दुपारभर स्पीकरला चिकटून असतात. त्याच्याशी बोलतात, हसतात. त्यांना उठवायचा धीर होत नाही. अराबा मात्र चिडलीये. म्हणते, "त्यांचं दुःख मला कळतं रे. पण हे खोकं बाहेर काढ. ते गात नाही, फीफी. ते कुणीतरी पुढचं म्हणायची वाट बघतंय." मी तिची थट्टा केली. गायिकेला सगळीकडे गाणीच ऐकू येणार, म्हटलं.

१३ डिसेंबर
ती ओळ एका जुन्या प्रार्थनागीताची. अराबाला लहानपणापासून पाठ. दुपारी मावशींनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पुढची ओळ म्हण ग, त्याला आठवत नाहीये, कधीचा अडकलाय. अराबाला त्यांची दया आली. तिने पुढची ओळ म्हटली.
स्पीकर गप्प झाला. मावशी त्याला हाका मारत राहिल्या. तो पुन्हा बोललाच नाही. अराबा वळून मला काहीतरी म्हणाली. ओठ हलले, आवाज नाही. तिने गळ्याला हात लावला. पुन्हा ओठ हलले.
आणि डावीकडून, अगदी स्पष्ट, तिच्याच आवाजात: "फीफी, मला थंडी वाजतेय."

१४ डिसेंबर
डॉक्टर म्हणतात, घसा निरोगी आहे. पण तिचे हातपाय गार आहेत, उभं राहता येत नाही. बोलते ते सगळं तिकडून, स्पीकरमधून. आतल्या खोलीत तिचे ओठ हलतात आणि बाहेर शब्द येतात.
मी प्लग खेचला. ती पलंगावर तडफडू लागली, ओठ काळेनिळे पडले. लावला परत. घाईत भोक सापडेना—
मावशींना गाठलं. रडून रडून डोळे सुजलेले. सांगितलं त्यांनी. एसुमनचंही असंच झालं होतं. आतून कुणाचं तरी गाणं आलं, त्याने साथ दिली आणि मुका झाला, अंथरुणाला खिळला. लोक म्हणाले, भानामतीचं यंत्र आहे, बंद कर. "मी माझ्या हाताने बटण दाबलं रे. त्याच क्षणी गेला." हे माहीत असून तुम्ही तिला गायला लावलंत, असं मी ओरडलो. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तो सुटेल आणि माझ्याजवळ येईल. कुठे येणार? त्याला शरीरच नाही, हे मला सुचलंच नाही."
संध्याकाळी बहिणीच्या गावी निघून गेल्या. खोलीला कुलूप.

१५ डिसेंबर
जळका वास. मी बसवलेला ट्रान्झिस्टर तापतोय. त्याला हा भार झेपत नाही. बदलायचा तर यंत्र बंद करावं लागणार, आणि बंद केलं तर—
कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या. खोक्याच्या चारी बाजूंनी रचल्या. पंखा लावला. बर्फ वितळतो, मी पुन्हा आणतो. लोक विचारतात, लग्न आहे का घरी.
तिचा आवाज फाटत चाललाय. "फीफी... पाणी... नको, तू बस..."

१६ डिसेंबर
सकाळपासून धूर. बारीक, पण आहे. पत्र्याला हात लाववत नाही.
ती आता फारसं बोलत नाही. तीच ओळ गुणगुणते, अर्धी. थांबते. पुन्हा. मी जवळ गेलो की मध्येच तोडून म्हणते, "तू नको हं. तोंड उघडू नकोस. माझी शपथ."
मग पुन्हा अर्धी ओळ. ती गात नाहीये. ते तिला गायला लावतंय.
मला गाता येत नाही. चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवतो, तिला ठाऊक आहे. पण ती ओळ आता मला येते.
मधलं दार लावून घेतलं.

१६, दुपार
म्हटली.
जमिनीवर पडलोय. पाय माझे नाहीत. थंडी. वही हाताशी होती म्हणून—
आतून तिचा आवाज आला. घशातून. खरा. "फीफी! अरे, मला बोलता येतंय!" पळत आली. पळत! देवा.
मला मिठी मारली. मी सांगायला तोंड उघडलं. आवाज डावीकडून आला.

ती खोक्याकडे बघतेय. तिला कळलं नाही. तिला वाटतंय ते मला ओढून घेतंय, अजून घेतलेलं नाही. खोक्याला म्हणते, "मला सोडलंस आणि आता याच्या मागे लागलास?"
मी सांगतोय, अराबा, हात लावू नकोस, मी आत आहे. तिकडून तेच ऐकू येतंय. तिने कान झाकले. "माझ्या नवऱ्याचं सोंग घेतोस, मेल्या!"

मावशींनी जे सांगितलं ते, प्लग खेचल्याचं, मी तिला कधी सांगितलंच— ती आजारी होती, घाबरेल म्हणून—

फुफूसाठी कंद कुटायचं मुसळ आणलंय तिने. वही वर धरतोय. इकडे बघत नाही. बर्फ पायाने बाजूला ढकलतेय, रडतेय, माझं नाव घेतेय—
अराबा, वाच. आधी हे वाच, अरा