यंत्र मी मागितलं नव्हतं

दादा, तुमच्या माघारी लोक तुमच्याबद्दल बोलतात ते मी मुकाट ऐकून घेते. कंपनीच्या क्लबसाठी तुम्ही किती खपलात, मुलीच्या हाती टेनिसची रॅकेट देणारे आकुर्डीच्या आपल्या कॉलनीतले तुम्ही पहिलेच बाप. मी त्यांना खोडून काढत नाही. तुम्हाला मात्र सांगायचं आहे, कारण तुम्ही होतात तोवर माझं बोलणं संपेपर्यंत कधी थांबला नाहीत.

त्या वर्षी कंपनीतला परदेशी इंजिनिअर मायदेशी निघाला होता आणि सरावासाठी चेंडू फेकणारं आपलं यंत्र क्लबला विकायला तयार होता. क्लबला एकच काहीतरी झेपणार होतं, ते यंत्र नाहीतर पुण्याहून शिकवायला येणाऱ्या बाई. बाई एका रविवारी सकाळी येऊन गेल्या, स्टॉपवरून चालत, रॅकेट कापडी पिशवीत घालून. मी धापा टाकतेय आणि त्या जाळीपलीकडून सारख्या बोलतायत, मनगट सैल सोड, घाई कसली आहे. एक चेंडू त्यांनी मुद्दाम जाळीलगत अलगद टाकला. मी धावले ती थेट जाळीत जाऊन अडकले. त्या हसल्या, मग मीही हसले. कोर्टावर हसलेलं चालतं हे मला तेव्हा कळलं. तुम्ही बाहेर खुर्चीत बसून घड्याळ बघत होतात.

दुपारी जेवताना तुम्ही विचारलंत, ‘‘तुला काय हवं? यंत्र की बाई?’’ तुम्ही मला काही विचारावं याचंच इतकं अप्रूप, की हातातला घास तसाच ठेवून मी म्हटलं, ‘‘बाई.’’ तुम्ही मान हलवलीत. संध्याकाळी क्लबच्या व्हरांड्यात कमिटी बसली. तुम्ही सेक्रेटरी. मी पायरीवर चेंडू पुसत होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘‘खेळायचं तिला आहे, म्हणून तिलाच विचारलं. ती म्हणते, यंत्रच घ्या.’’ सगळे माझ्याकडे कौतुकाने वळले. तुम्ही तेवढे वळला नाहीत. घरी येताना मला ऐकवलंत की यंत्र लाड करत नाही, रजा मागत नाही, लग्न करून निघूनही जात नाही.

मग रोज तेच. पहिली शिफ्ट संपवून तुम्ही खाकी कपड्यांतच कोर्टावर येता, यंत्रात चेंडू भरता आणि त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहता. चेंडू त्याच जागी, त्याच जोराने येतो. माझा चुकला की तुम्ही एक चावी पिळून जोर वाढवता. एकदा मी म्हटलं, दादा, तुम्हीच खेळा ना माझ्याशी थोडं. मला कुठं जमतंय, म्हणालात. मनगट सुजलं तेव्हा पट्टी बांधून पुन्हा उभी केलीत.

पुण्याच्या स्पर्धेत समोरच्या मुलीने मला जाळीजवळचे चेंडू टाकून टाकून हरवलं. बाई तिथे पंच होत्या. मॅच संपल्यावर जवळ आल्या, माझं मनगट हातात घेऊन पाहिलं. म्हणाल्या, ‘‘यंत्र तूच मागितलंस म्हणे. तुमच्या कमिटीकडून कळलं.’’ रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली वाकून पिशवीची नाडी बांधत होतात, सुटलेली नसताना. तुम्ही एक शब्द बोलाल म्हणून मी थांबले. मग तुम्ही खोटे पडू नये म्हणून मीच ‘‘हो’’ म्हटलं. पुढे मी खेळ सोडला तेव्हा कॉलनीभर सांगितलंत की पोरीत जिद्दच नाही.

गेल्या महिन्यात बाईंचा पत्ता काढून मी त्यांच्याकडे गेले. खूप म्हाताऱ्या झाल्यात. सगळं सांगितलं, जेवताना तुम्ही विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, व्हरांडा. त्यांनी निवांत ऐकून घेतलं, चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘‘आकुर्डीला कधी आले होते का गं मी?’’ यंत्र त्यांना आठवत नव्हतं, मीही नाही.

परत येताना बसमध्ये जाणवलं, की बाई आल्या होत्या तो रविवार माझ्याशिवाय आता आठवला असता तर तुम्हालाच. तुम्ही गेल्यावर मला रडू आलं नव्हतं. त्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी पिंपरी येईपर्यंत रडले. हे तुम्हाला आता कळणार नाही, म्हणूनच इतकं मोकळं लिहिलं.