वरातीची लाल गाडी

कळमनुरी, रविवार, मे २००३

संध्याकाळपासून एका जागी बसवत नाही. वारंगा फाट्यावर ती जुनी, उघड्या टपाची लाल गाडी पाहून आलो. आजवर भाड्यानं नवरदेवांच्या वरातीला जायची. बॉनेटवर हार चिकटवल्याचे डाग अजून आहेत. म्हणूनच तर माझ्यासारख्याला परवडते.

सुनंदा म्हणाली, "दोनच सीटा? लेकरं काय डिक्कीत बसवता?" मी म्हणालो, वरातीचं भाडं येईल. तेवढ्यात तिचा भाऊ, "दाजी, घ्याच! आमच्या पोराच्या वरातीला हीच गाडी, सोयऱ्यायला सांगून बी टाकलं."

गाडी अजून घेतलेलीही नाही! एकाला दिली की कुणाला नाही म्हणणार? पण खरं तर मला ती कुणालाच द्यायची नाही. भाड्याचं मी का बोललो? ते डाग घासून काढायचे आणि औंढ्याच्या रस्त्यानं एकट्यानं सुटायचं, एवढंच मनात होतं.

जेवताना सुनंदाला हे सांगून टाकलं. ती हसली. "मंग जा की एकटे, काहून घाबरून राहिले? फक्त येताना मला बाजारातून घ्या. बघू द्या लोकायला."

बरं वाटायला हवं होतं. पण उद्या बयाना द्यायला तिला सोबत न्यावं का, एवढंही अजून ठरत नाही.