सुनेचं गाव

प्रिय सायली,

आपण दोघी फौजींच्या बायका आणि आपलं दुखणंही एकच. सरकार नवऱ्याची बदली करतं, आपण ट्रंका बांधून त्याच्यामागे जातो, आणि तेच सरकार नंतर आपल्याला विचारतं, ‘बाई, तुमचं गाव कोणतं?’ तुझ्या सासऱ्यांबरोबर मी अकरा वर्षांत पाच ठिकाणी संसार मांडला. मला हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण मी कधी नोकरीचा अर्जच केला नाही. तू केलास, याचं मला फार कौतुक आहे.

महेश जूनमध्ये सीमेवर जाणार. तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून तू घरी येणार आणि गावच्या अंगणवाडीत सेविका होणार, हे आपलं ठरलेलं. मतदार यादीत तू इथली, रेशन कार्डावर तू इथली. तरी अर्ज बाद! ‘स्थानिक रहिवासी नाही.’ मी ग्रामसभेत उभी राहिले आणि कडाडले: सैनिकाच्या बायकोला गाव नसतं का? टाळ्या पडल्या. शेजारची गोजराबाई मात्र म्हणाली, “वत्सलाताई, तुम्ही बोलल्या की लय बरं वाटतं. पण कागदावर काय लिव्हलंय, ते पाह्यलं का?”

नव्हतं पाहिलं. काल चौकशीच्या अहवालाची नक्कल मागून आणली. मागे एक पर्यवेक्षिका चौकशीला घरी आली होती. मी तिला चहा दिला, तुमच्या अंबाल्याच्या क्वार्टरचे फोटो दाखवले. सून कुठे असते, असं तिनं विचारलं. मी ऐटीत म्हणाले, “माझी सून कशाला गावात राहील? फौजी नवऱ्याजवळ रुबाबात राहते. इथे येते ती पाहुणी म्हणून!” तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. खाली माझी सही आहे, न वाचता केलेली. वाचल्याशिवाय सही करू नका, असं बायाबापड्यांना सांगत फिरणारी मी!

पोरी, तू पाहुणी कधीच नव्हतीस. तुझ्या निम्म्या साड्या माझ्या कपाटात आहेत. प्रेशरची गोळी घेतली का, हे तू रोज फोन करून विचारतेस. पाहुणे असं विचारतात का?

सोबत अपिलाचा अर्ज आहे. पुढच्या शनिवारी मुदत संपते. चुकीची माहिती सासूनं मिरवण्याच्या नादात दिली, असं मी त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मला लाज वाटू नये म्हणून तू ते वाक्य खोडशील, हे मी जाणून आहे. खोडू नकोस. खाली सही कर आणि हे मिळाल्याबरोबर स्पीड पोस्टानं परत पाठव.

तुझीच,
आई